शाई, कपाट आणि माझा टॉर्च

शनिवार, ३ जून
मांजर आणलं, प्राण्यांच्या संस्थेतून. काळीभोर आहे, म्हणून नाव शाई. संस्थेच्या बाईंनी चौदा दिवसांचा फॉर्म दिला. रोज लिहायचं: खाल्लं का, कुठे बसली, जवळ आली का. मग बाई घरी येणार. पटलं तर शाई कायमची आमची, नाहीतर परत. म्हटलं, बाई, वीस वर्षं कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, फॉर्म म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! सूचनांचा कागदही दिलाय. सूचना नवशिक्यांसाठी असतात.
अंदाज: तीन दिवसांत मांडीवर.

रविवार, ४ जून, सकाळी साडेसात
शाई कपाटामागे. टॉर्च मारून तपासणी केली. डोळे दोन, पाय चार, शेपूट एक. सगळं ओके. फिस्कारली. लाजते बिचारी.

सोमवार, ५ जून
बाहेर येईना. कपाट सरकवलं, मानेला धरून ओढली. माल बाहेर काढल्याशिवाय पास कसा करायचा? हातावर तीन ओरखडे. तिला भीतीनं तिथेच शू झाली. लादी पुसली. बायकोला सांगितलं, पाणी सांडलं.

संध्याकाळी
सूचनांचा कागद वाचला. पहिलीच सूचना: ओढून बाहेर काढू नका. खाली दोन रेघा. आधीच्या घरी तिला असंच ओढायचे म्हणे.
पण कागद आधी वाचा, असं मला कुणी सांगितलं होतं का?
सांगितलं होतं. बाईंनी. दोनदा.

बुधवार, ७ जून
फॉर्म भरून टाकला. चौदाही दिवसांचा. कारखान्यात शुक्रवारचा फॉर्म बुधवारीच भरतो, सगळेच भरतात. 'मांडीवर झोपली: ओके.' हे खोटं नाही, आगाऊ खरं आहे.

शनिवार, १० जून
लेकीनं फॉर्म पाहिला. म्हणे, बाबा, आज दहा तारीख ना, मग सोळा तारखेला शाई तुमच्या मांडीवर झोपली कशी? मोठ्यांच्या कागदांत नाक खुपसू नये, असं सुनावलं. आवाज चढला. पोर फॉर्म ठेवून आत गेली. वाईट वाटलं.
तपासणी चालू. टॉर्चचं बटण वाजलं की शाई अंग चोरते. बटण कर्कश आहे, तेल द्यायला हवं.

मंगळवार, १३ जून
निश्चय: टॉर्च बंद. नुसतं शांत बसायचं.
बसलो. चार मिनिटं. मग जिवंत आहे की नाही, एवढंच बघायला टॉर्च लावला.
वाटी मात्र रोज रिकामी. बायको म्हणते, तुम्ही नसलात की खाते. बायकोचं काय, काहीही बोलते.

शुक्रवार, १६ जून
टॉर्च सापडत नाही. हिला विचारलं, तर तिसरंच काहीतरी बोलायला लागली. उद्या बाई येणार. चोराच्या मनात चांदणं, तशी गत झालीय. फॉर्म फाडून टाकावा वाटतं. पण अक्षर काय सुरेख आलंय!

शनिवार, १७ जून, दुपारी
बाई आल्या. मी फॉर्म पुढे केला. हिनं स्वयंपाकघरातून दुसरा आणला. पाच तारखेलाच संस्थेतून मागवला होता म्हणे.
बाईंनी हिचाच मोठ्यानं वाचला. 'पाच: यांनी ओढलं. पाणी सांडलं म्हणाले. पाण्याला असा वास येत नाही. नऊ: हे कामावर गेल्यावर बाहेर आली. बारा: यांच्या खुर्चीत झोपली. चौदा: माझ्या मांडीवर. संध्याकाळी सहाला यांची स्कूटर वाजली, कपाटामागे पळाली.'
लेक माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, हो, मी ओढली. चूक झाली माझी. माझा फॉर्म खोटा आहे, तो परत द्या.
बाई म्हणाल्या, मांजर इथेच राहू दे. मी काय करू, विचारलं. म्हणाल्या, काही करू नका.
काही न करण्याचा फॉर्म त्यांच्याकडे नाही.

संध्याकाळी सहा
शाई कपाटामागे. मी घरात आहे ना.
उद्या रविवार. घरी सांगितलंय, कारखान्यात अर्जंट काम निघालं. डबा घेऊन कोपऱ्यावरच्या बाकावर बसेन. सुट्टीच्या दिवशीही तिला खुर्ची मिळेल.
कारखाना रविवारी बंद असतो, हे हिला ठाऊक आहे. डबा मात्र हिनं आत्ताच काढून ठेवलाय.