रडकं मूल आणा, हसरं घेऊन जा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा लांबूनच नमस्कार (जवळून केला की पाठीत धपाटा बसतो, हा अनुभव आहे). तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला कमी झाला का? भाचीचे पुढचे दात आले, की अजून ती ‘स’ म्हणायला गेली की शिट्टीच वाजते? मी खुशाल आहे. वजन थोडं उतरलंय, पण ते मुळात माझं नव्हतंच, तुझ्या हातच्या जेवणाचं होतं.

पत्रास कारण की, मला घराबाहेर काढताना तू जे म्हणालीस ते मी विसरलेलो नाही. “एका जागी सहा महिने टिकून दाखव, मगच या उंबरठ्यावर पाय ठेव.” मला राग आला होता (त्या भरात भाऊजींची छत्री उचलली, त्याबद्दल खाली). मग गाद्यांच्या कारखान्यात बारा दिवस टिकलो, पण तिथे माणसाला सारखी झोप येते गं. त्यानंतर एका फोटोग्राफरकडे होतो, तो गिऱ्हाइकांना हसा म्हणायचा आणि स्वतः असा काही चेहरा करायचा की... मुद्दा राहिला. मुद्दा असा की शेवटी एका जुन्या सिनेमागृहात चिकटलो आणि गेल्या शनिवारी तिथे पाच महिने वीस दिवस झाले. कॅलेंडरवर रोज फुली मारत होतो. दहा फुल्या उरल्या होत्या, ताई. फक्त दहा.

काम सोपं. अंधारात टॉर्चने लोकांना खुर्च्या दाखवायच्या, खेळ सुटला की खुर्च्यांखालचा कचरा काढायचा, आणि अक्षर बरं म्हणून (शाळेने मला दिलेली ही एकमेव वस्तू) बाहेरच्या फळ्यावर नव्या सिनेमाची जाहिरात लिहायची. मालक सत्तरीचे. अकरा वर्षांत त्यांनी स्वतःच्या थिएटरात एकही सिनेमा पाहिलेला नाही. “मी बघत बसलो तर दिवे कोण लावणार?” असं विचारतात.

तर गेल्या आठवड्यात एक कार्टून आलं. पोस्टरवर बहीण-भाऊ, एक हातगाडी आणि मागे गुलाबी ढग. (तो धूर होता. पण इतक्या गोड रंगाचा धूर कुणी काढतं का?) कार्टून म्हणजे धमाल, हे मी लहानपणापासून गृहीत धरलेलं. सिनेमा न बघताच फळ्यावर झोकात लिहून टाकलं, ‘रडकं मूल आणा, हसरं घेऊन जा.’ शनिवारी दुपारी बालवाडीच्या बाई चौतीस मुलांना एका दोरीला धरून घेऊन आल्या. सोबत निम्म्यांचे आईबाप. मला इतका आनंद झाला की एकाला टॉर्च दाखवण्याच्या नादात मीच पायरीवरून पडलो.

सिनेमा युद्धाचा निघाला. नऊ वर्षांची बहीण चार वर्षांच्या भावाला घेऊन पडक्या शाळेच्या तळघरात राहते. वर बॉम्ब पडले की त्याला सांगते, वरच्या मजल्यावरचे लोक कपाटं हलवताहेत. तो विचारतो, रोज? ती म्हणते, त्यांना जागा पसंत पडत नाही. इथवर सगळे हसले, मीही. मग ती कुठूनसा पावाचा तुकडा आणते, सगळा त्यालाच देते आणि म्हणते, “मी येतानाच खाल्लं.”

ताई, आई-बाबा गेल्यावर तू शिलाईच्या कारखान्यातून यायचीस, माझं पान वाढायचीस आणि म्हणायचीस, “मी कँटीनमध्येच खाऊन आले.” मी आठ वर्षांचा, मला तुझ्या त्या कँटीनचा हेवा वाटायचा. पुढे मी त्याच कारखान्यात अकरा दिवस टिकलो ते आठवतं? तिथे कँटीन नव्हतं. कधीच नव्हतं. तेव्हा मला वाटलं, बंद झालं असेल. इतका मी हुशार.

मी टॉर्च धरलेल्या हातानेच डोळे पुसायला लागलो, तसा पडद्यावर उजेडाचा गोळा नाचू लागला आणि लोक ओरडले, “अरे, तो दिवा बंद कर.” म्हणून बंद केला आणि अंधारात रीतसर रडलो. मुलं मात्र ठणठणीत होती. चौतीस मुलं मिळून बाईंची समजूत घालत होती. एका चिमुरडीने फ्रॉकला पिन लावलेला रुमाल सोडवून मला दिला आणि म्हणाली, “दादा, ती दोघं आहेत ना अजून, मग रडता कशाला?”

आणि होती खरंच. शेवटी युद्ध संपतं, कुणा बाईंच्या स्वयंपाकघरात दोघं जेवायला बसतात, आणि तो पोरगा आपला पाव तिच्या ताटात ठेवून म्हणतो, मी येतानाच खाल्लं. सिनेमा संपला तरी दिवे लागेनात. मालक मागच्या रांगेत चष्मा पुसत बसले होते.

बाहेर पडताना बाईंनी फळ्याकडे बोट दाखवलं. “मुलं हसरीच चाललीत हो. आम्हाला कोण घेऊन जाणार?” मालक म्हणाले, “पूस ते. खरं काय ते लिही.” मी लिहिलं, ‘ज्यांना मोठी बहीण आहे त्यांनी सिनेमा सुटल्यावर थेट तिच्याकडे जावं.’ मालकांनी दोनदा वाचलं.

“तुला आहे का मोठी बहीण?”

“आहे.”

“मग तू इथे काय करतोयस?”

मी म्हटलं, दहा दिवस उरलेत. त्यांना वाटलं मी तुरुंगात होतो. सगळं समजावून सांगितलं, तर त्यांनी टॉर्च माझ्या हातातून काढून घेतला.

भाचीला पापा. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
(अक्षरावरून ओळखशीलच)

ता. क. – छत्री परत आणली आहे. ही ती नव्हे, पण काळीच आहे.

ता. क. – मी पूर्ण सहा महिने टिकलो अशी मालकांनी सही करून चिठ्ठी दिली आहे. ती साफ खोटी आहे. सोबत जोडली आहे.

ता. क. – पाकिटाला तिकीट नाही हे एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल. दाराखालून सरकवलंय. अट मोडलेली नाही, उंबरठ्यावर पाय ठेवलेला नाही, चौथ्या पायरीवर बसलोय. दार उघडलंस तर तू पहिलं विचारशील, जेवलास का. काळजी करू नकोस. मी येतानाच खाल्लं.