ब्रेक माझ्याच पायाखाली होता

ती. दादांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. (कपाळ जमिनीला टेकवलं असं धरून चाला. सध्या त्यावर टेंगूळ आहे, ते कसं आलं हे ओघात येईलच.) आपला गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला? आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत, म्हणजे आता खुशाल आहोत. मागच्या आठवड्यात मी तुरुंगात होतो. घाबरू नका, दादा. बसला असाल तर बसूनच राहा, एकदम उठणं तुमच्या गुडघ्याला सोसणार नाही. मी सुटलोय! रीतसर जामिनावर, सहीशिक्क्यानिशी सुटलोय आणि खरं सांगतो, असा भरगच्च अनुभव मला उभ्या जन्मात आला नव्हता. कधी एकदा तुम्हांला सगळं लिहितो असं झालं होतं. तुमच्या बहिणीला सांगायला गेलो, तर ती "मला माहीत आहे" एवढंच म्हणून भाजी निवडत बसते.

झालं असं, की आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे एक जुने विद्यार्थी, चष्म्याच्या दुकानाचे मालक, एकदाचे परीक्षेत पास झाले. (जुने म्हणजे किती जुने, तर ते शिकायला आले तेव्हा आमची आधीची गाडी होती. दुकानात जगाचे डोळे तपासतात आणि रस्त्यावर स्वतःला खांब दिसत नाही.) त्या आनंदात त्यांनी आम्हां उभयतांना दुपारी जेवायला बोलावलं. जेवणाआधी पेले आले. पहिला मी आनंदाने घेतला, दुसरा त्यांच्या आनंदासाठी घेतला, आणि तिसरा आग्रहाचा. आग्रह मोडणं माझ्या स्वभावात नाही, तुम्ही जाणताच. पण दादा, निघताना माझी शुद्ध पूर्ण जाग्यावर होती, याचा पुरावा असा, की मी गाडी चालवायला साफ नकार दिला! पिऊन गाडी चालवू नये, हे मी दर सोमवारी नव्या बॅचला फळ्यावर लिहून देतो, ते काय उगीच? मी किल्ली तुमच्या बहिणीच्या हातात ठेवली आणि म्हणालो, आज तू.

आता तुम्ही म्हणाल, तिला गाडी कुठे येते? येत नाहीच. लग्नानंतर मी तिला शिकवायला घेतलं ते अजून शिकवतोच आहे. वळणावर ती आरसा बघते पण मनापासून बघत नाही, असं माझं मत आहे. तेव्हा परीक्षेला बसवण्याइतकी ती अजून तयार नाही, हे मी तिला वेळोवेळी सांगत आलो आहे. पण आमच्या स्कूलच्या गाडीला क्लच आणि ब्रेक दोन्ही बाजूंना असतात. शिकणाऱ्याच्या पायाखाली एक जोडी, शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरी. म्हणजे तिने नुसतं चाक धरायचं, गाडी माझ्या पायाने चालणार, असा साधा हिशेब. निघालो. ती कशी चालवत होती ते मला नीटसं आठवत नाही, कारण मी तिला सूचना देण्यात गर्क होतो. चौकात पोलिसांची नाकाबंदी होती. तिने आपणहून वेग कमी केला होता, पण खाकी कपडे दिसताच इतक्या वर्षांच्या सवयीने माझा पाय जो पडला ब्रेकवर, तो गाडी गचका खाऊन बंद, आणि बंपर साहेबांच्या बुटापासून टीचभर!

साहेब भला माणूस. तिच्या खिडकीशी येऊन त्याने एवढंच विचारलं, की गाडी कोण चालवतंय. तिने पर्समध्ये हात घातला. (रुमाल शोधत असावी, घाबरली बिचारी.) पण दादा, हा काय तिला विचारायचा प्रश्न झाला? मी तिच्या अंगावरून वाकून ठणकावून सांगितलं, की साहेब, हिला काय विचारता, हिला काही येत नाही, गाडी मी चालवतोय, या गाडीचा ब्रेक माझ्या पायाखाली असतो आणि माझ्या पायाशिवाय ही गाडी आजवर हललेली नाही! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तिने पर्समधून रिकामाच हात बाहेर काढला, पर्स मिटली आणि दुसऱ्या बाजूला बघू लागली. साहेब गाडीला वळसा घालून माझ्या खिडकीशी आले, त्यांनी माझा वास घेतला, आणि फुंकायची नळी पुढे केली. जितकं जोरात फुंकू तितके निर्दोष ठरू, अशा समजुतीने मी अशी काही फुंकर मारली, की आकडा बघून शेजारच्या हवालदाराने तो मोठ्याने वाचून दाखवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिथून सरकारी दवाखाना, दंडातून रक्त, मग पोलीस ठाणं. गाडी जप्त. माझं लायसन्स, घड्याळ, किल्ल्या आणि कमरेचा पट्टा काढून घेऊन त्याची नोंद झाली. (पट्ट्याशिवाय माणसाचा रुबाब किती उरतो हे तुम्हांला सांगायला नको, तेव्हापासून सुटेपर्यंत माझा एक हात पँटला होता.) साहेब म्हणाले, गुन्हा जामिनाचा आहे, जामीनदार आणा आणि घरी जा. आता गंमत बघा, दादा, जामीन म्हणजे काय ते मला आजवर चुकीचंच ठाऊक होतं! मला वाटायचं, जामीन म्हणजे पैसे भरून सुटणं. तसं नसतं. खटला चालायचा तो चालतोच. मधल्या काळात तुम्ही पळून जाणार नाही, तारखेला हजर राहाल, अशी हमी द्यायची. ती आपली आपण लिहून दिली तर जातमुचलका, आणि आपल्या वतीने दुसऱ्या भल्या माणसाने दिली तर जामीन. तो भला माणूस कुठे राहतो, त्याच्या नावावर काय आहे, हे कागदोपत्री दाखवावं लागतं. आमचं घर तुमच्या बहिणीच्या नावावर आहे, हे तुम्ही जाणताच, कारण ते तुम्हीच तसं करायला लावलं होतं. तेव्हा तीच जामीनदार. घराचे कागद घेऊन येते म्हणाली आणि गेली ती गेलीच. कपाटाची किल्ली सापडेना, असं नंतर कळलं. ती रात्र मी कोठडीत काढली.

कोठडीत एक सोबती होता, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा. तोही फुंकूनच आत आलेला. त्याला जामिनाचं सगळं पाठ होतं आणि त्यातलं सगळंच चुकीचं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. न्यायाधीशांसमोर रडावं लागतं, म्हणाला. मी पहाटेपर्यंत सराव केला. तो मला चढउतार सांगत होता.

जामीनदार न आल्यामुळे सकाळी आमची वरात कोर्टात. वकील म्हणून आला माझाच एक विद्यार्थी. हुशार आहे, पण चढावर गाडी बंद पाडायचा, आणि बोलतानाही तसंच. मुद्द्याच्या चढावर आला की थांबतो. प्रत्येक वेळी माझा पाय आपोआप क्लच शोधायचा आणि आरोपीच्या पिंजऱ्याची फळी धाडकन वाजायची. न्यायाधीशबाईंनी तीनदा वर पाहिलं. (रडणं जमलंच नाही. तोंड उघडलं आणि ढेकर आली.) मी किती जबाबदार माणूस आहे हे पटवून देण्यासाठी वकिलाने दुसऱ्या ब्रेकचं इतकं रसाळ वर्णन केलं, की बाईंनी जामीन तर दिला, पण अटी घातल्या: खटल्याचा निकाल लागेपर्यंत मी गाडी चालवायची नाही, आणि स्कूलच्या गाडीत पुढच्या सीटवर, म्हणजे त्या दुसऱ्या ब्रेकपाशीही, बसायचं नाही! हे ऐकताना, दादा, फळी पुन्हा एकदा धाडकन वाजली. जामीनदार समोर उभी होती. कागद आणले का, असं विचारल्यावर ती शांतपणे म्हणाली, घरी राहिले, घेऊन येते.

आणि मग कायद्याची खरी करामत! जामीन मंजूर झाला आणि मला तुरुंगात नेलं! माझा आधी विश्वासच बसेना. पण तसंच असतं म्हणे. मंजूर होणं वेगळं आणि सुटणं वेगळं. जामीनदाराचे कागद कोर्टात तपासायचे, त्यावर सही व्हायची, मग सुटकेचा हुकूम निघायचा, तो कोणीतरी तुरुंगात पोचवायचा, आणि संध्याकाळची मोजणी होऊन दरवाजे बंद होण्याआधी पोचला तर ठीक, नाहीतर उद्या या. तोवर माणसाला ठेवायचं कुठे? तुरुंगात! पोलिसांच्या गाडीत मला मागे बसवलं. तिचा ड्रायव्हर सबंध रस्ता क्लचवर पाय ठेवून चालवत होता. मी जाळीतून त्याला सांगितलं, बाबा रे, प्लेट जळतेय, पाय काढ. तो म्हणाला, तुम्ही आरोपी आहात. मी म्हटलं, क्लचला काय माहीत? वळणावळणावर माझा पाय पत्र्यावर आपटत होता. शेवटी शेजारच्या शिपायाने तो धरून ठेवला.

तुरुंगात मी दुपारभर दाराकडे डोळे लावून बसलो होतो. प्रत्येक चाहुलीला उठायचो. दादा, तेव्हा मात्र गंमत सरली होती. स्कूल बंद पडणार, समोरच्या रस्त्यावरचा तो दुसरा ड्रायव्हिंग स्कूलवाला (माझा जानी दुश्मन, त्याचा फलकसुद्धा तिरका आहे) माझे सगळे विद्यार्थी उचलणार, आणि मी घरी बसून काय करणार, तर भाजी निवडणार. डोळे भरून आले. कोर्टात यायला हवे होते ते अश्रू तिथे आले, आणि बघायला कोणी नव्हतं. मोजणीच्या जरा आधी माझं नाव पुकारलं गेलं. पट्टा, घड्याळ, किल्ल्या मिळाल्या. (लायसन्स मात्र कोर्टातच अडकलंय.) त्या मोठ्या दरवाजाला एक बुटकं दार असतं, सुटणाऱ्याला त्यातून बाहेर सोडतात. मी आनंदाने ताठ मानेने निघालो आणि कपाळ चौकटीवर! टेंगूळ ते हेच.

बाहेर तुमची बहीण उभी होती, आणि तिच्या मागे, विश्वास ठेवा अगर ठेवू नका, त्या दुश्मनाच्या स्कूलची गाडी! आत कोणी नाही. मी क्षणात ताडलं, त्याचाही कोणी माणूस आत गेलेला असणार. इतकं बरं वाटलं, दादा! ती काहीतरी सांगायला लागली होती, पण त्या गाडीच्या सावलीतही मी उभा राहणार नाही असं म्हणून मी तडक बसस्टॉपकडे चालू लागलो. तिने एक लांब सुस्कारा सोडला आणि आली मागून.

असो. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल चोळत राहा. लोभ आहे तो या प्रकरणाने आटू नये.

आपला (जामिनावरचा) मेहुणा

ता. क. गुडघ्याची चौकशी मी उगीच करत नव्हतो. तुमच्याकडे शिकवण्याचा परवाना अजून चालू आहे ना? निकालापर्यंत येऊन माझ्या जागेवर बसा. नाही म्हणू नका, दादा, स्कूल वाचवायचं असेल तर दुसरा उपाय नाही. ब्रेक जरा घट्ट आहे, पण गुडघ्याला व्यायाम होईल. मी मागच्या सीटवर बसेन. तोंड उघडणार नाही.

ता. क. दुसरं. वकील म्हणतो, की त्या दिवशी चाकावर लायसन्स असलेलं कोणी असतं, तर मी फक्त प्यायलेला आणि फार बोलणारा प्रवासी ठरलो असतो, आणि बोलण्याला कायद्यात शिक्षा नाही. पण नशीब! तुमच्या बहिणीने माझ्या हाताखाली वेळेवर नीट शिकून घेतलं असतं, तर आज ही पाळी आली नसती. मोठे भाऊ म्हणून तिला दोन शब्द सांगा. पत्र टाकायला तिच्याकडेच देतोय. पाकीट चिकटवलेलं आहे.

ता. क. तिसरं, अक्षर बदललंय ते बघालच. दादा, पाकीट अजून ओलं होतं. लायसन्स मिळून मला चार वर्षं झाली आहेत. समोरच्या स्कूलमध्ये शिकले, ते लोक सहा आठवड्यांत तयार करतात. त्या दिवशी पर्समध्ये हात घातला तो तेच दाखवायला. मग यांनी साहेबांना "हिला काही येत नाही" असं सांगितलं, म्हणून हात परत काढला. कपाटाची किल्ली हरवली नव्हती, आणि कोर्टात गेले तेव्हा कागद पर्समध्येच होते. तुरुंगापाशी ती गाडी त्या लोकांकडून मागून घेऊन मीच चालवत नेली होती. दुसऱ्या दिवशी परत जाऊन आणावी लागली. लायसन्स वकिलांना दाखवीन, स्कूल बंद पडू देणार नाही, मलाही त्यावरच जेवायचं आहे. फक्त आधी यांनी सोमवारच्या बॅचसमोर फळ्यावर लिहायचं, की हिला गाडी येते. तुम्ही ते वाचायला या, गुडघा दुखत असला तरी या. आणि हे ऐकून कुठे पळून जातील, ही काळजी नको. जामीनदार मी आहे. गाडी मला येते, जिथे असतील तिथून उचलून आणीन.