एकदा सिझर झालं की

१४ डिसेंबर

आज माझ्या बाळाची जन्मतारीख ठरली. म्हणजे ठरली होती आधीच, मला आज कळली!

सासूबाई गावाहून चिठ्ठी घेऊन आल्या. २३ जानेवारी, वसंत पंचमी, सकाळी नऊ चाळीस ते दहा पाच. गुरुजींनी काढून दिलं. आमच्या इथले धुळ्याचे डॉक्टरही लगेच म्हणाले, "चालेल, शुक्रवारी मी मोकळाच आहे." बाळाला विचारायचं तेवढं राहिलं. आणि मला.

मी म्हटलं, मला या वेळी नॉर्मल करून बघायचंय.

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी पळून जाणार म्हणाले! डॉक्टर कागदावरून मान वर न करता म्हणाले, "एकदा सिझर झालं की पुढचंही सिझरच. रिस्क कशाला?" माझा नवरा योगेंद्र माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या कॅलेंडरकडे बघत होता.

घरी आल्यावर सासूबाई पुन्हा सुरू — "मन्हा चारी पोरे घरमाच व्हयनात. दाई बी उशिरा उनी!" अभिमानानं सांगतात हे. मी विचारलं, मग मीच का नाही? तर म्हणे, "तुन्हा जीव नाजूक शे, माय."

बारावीला मानवी प्रजननाचं प्रकरण नऊ वर्षं शिकवतेय. घरात मात्र मी नापास.

१६ डिसेंबर

स्टाफरूममध्ये बातमी पोचली. गणिताच्या सरांनीसुद्धा माझ्या गर्भाशयावर मत दिलं. "मॅडम, टाका उसवतो हो." जणू पायजम्याबद्दल बोलत होते.

२० डिसेंबर

जळगावला आईकडे आले, दोन दिवस. खरं कारण — डॉ. दिपमाला. आईच्या शेजारणीच्या सुनेचं पहिलं सिझर, दुसरं नॉर्मल, त्यांच्याकडेच झालं.

बाई खुर्चीत बसून चक्क ऐकतात! मी पाच मिनिटं बोलले, मध्ये एकदाही "रिस्क" नाही. मग त्यांनी बोटांवर सांगितलं — शंभरात साठ-सत्तर जणींचं जमतं. दोनशेत एखादीचा जुना टाका कळांमध्ये उसवतो, आणि उसवला तर मिनिटांचा खेळ असतो. म्हणून बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष, रक्त तयार, ऑपरेशन थिएटर तयार. सिझर घरचं कुणी म्हणतं म्हणून नाही, आणि नॉर्मल हट्ट म्हणूनही नाही.

"पण आधी मला जुना कागद आणा. आतला छेद आडवा होता की उभा, ते बघायचंय. उभा असेल तर विषयच नको. आणि पहिल्या वेळी सिझर का केलं?"

मी म्हटलं, पाणी कमी झालं होतं.

"कुणी सांगितलं?"

"...सगळ्यांनी."

२४ डिसेंबर

थोरलीचं सिझर झालं त्या धुळ्याच्या हॉस्पिटलात दीड तास. काउंटरवरची बाई म्हणाली, चार वर्षांपूर्वीचं माळ्यावर असतं, माळ्याची शिडी खाली दिलीय. शिडी आली. फाइल आली.

छेद आडवा. हुश्श!

आणि कारणाच्या रकान्यात — इंग्रजीत होतं, मराठीत लिहायचं तर — "ठरवून. नातेवाईकांच्या विनंतीवरून." पाणी: पुरेसं. बाळाचे ठोके: उत्तम. खाली योगेंद्रची सही. माझीही आहे, गठ्ठ्यातल्या सातव्या पानावर. त्या दिवशी नर्स "इथे, इथे, इथे" म्हणत होती आणि मी करत होते.

थोरली, भूमिका, पाडव्याची. चार वर्षं आम्ही सगळ्यांना सांगतोय — काय नशीब बघा, बरोब्बर पाडव्याला जन्मली! नशीब सकाळी सव्वानऊला, ठरवून.

२५ डिसेंबर

फाइल योगेंद्रसमोर ठेवली. वाचायची गरज पडली नाही त्याला.

"आई म्हणत होती... डॉक्टरही म्हणाले, आज ना उद्या करावंच लागलं तर... तुला त्रास नको म्हणून, चारू."

मी विचारलं, "मला सांगितलं का नाही?"

"तू घाबरली असतीस."

रडले नाही. भाजी फोडणीला टाकली. मिरची जास्त पडली, मुद्दाम नाही — बरं, थोडी मुद्दाम.

२ जानेवारी

अबोला. भूमिका निरोप्याचं काम करतेय. "पप्पा म्हणतात, मीठ दे."

१० जानेवारी

रजा सुरू. जळगावला राहायला आले, भूमिकासकट. सासूबाईंना सांगितलं, पंचमीला काही होणार नाही. त्या म्हणाल्या, "बठ्ठी दुनिया डाक्टरनं आयकस, तू डाक्टर बदलस!" वाक्य मात्र चांगलं होतं.

योगेंद्र सोडायला आला होता. आईनं भरीत आणि कळण्याच्या भाकरी केल्या. जेवून तो मुकाट डॉ. दिपमालांकडे चालला माझ्याबरोबर. तिथे त्यानं पहिल्यांदा प्रश्न विचारले. सात! एका कागदावर लिहून आणले होते. महावितरणचा माणूस, शेवटचा प्रश्न होता — "लाइट गेली तर?"

मला हसू आलं. अबोला तिथेच सुटला. सगळं सुटलं असं नाही.

२३ जानेवारी

नऊ चाळीस ते दहा पाच: पोहे खाल्ले.

नऊ एक्केचाळीसला सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. "काही होई ऱ्हायनं का?" दहा सहाला परत कॉल. मुहूर्त गेला. बाळ आतच. पोटात जोरदार लाथ मारली — माझ्याच बाजूचं आहे म्हणायचं.

२६ जानेवारी

पहाटेपासून कळा! खऱ्या! आधी दहा मिनिटांनी, आता सहा. समोरच्या शाळेत झेंडावंदनाचा भोंगा चालू आहे, आणि आई भूमिकाची वेणी घालता घालता माझ्या कळा मोजतेय. योगेंद्र गाडी घेऊन धुळ्याहून निघाला. आम्ही रिक्षानं निघतोय. भीती वाटत नाही. खोटं. वाटतेय. पण आनंद जास्त आहे.

२८ जानेवारी

सिझर झालं.

मुलगी. तीन किलो शंभर. ठणठणीत.

लिहून टाकते, नाहीतर मनात कुजेल. दुपारी पावणेतीनपर्यंत सगळं छान. सात सेंटिमीटर! डॉ. दिपमाला खूश. योगेंद्र पाठ चोळत होता, पारोळ्याच्या पुढे कसा ट्रॅक्टर आडवा आला ते सांगत. मग एक दुखणं आलं, ते कळेसारखं नव्हतं. कळ जायची, हे जायचं नाही. खाली, जुन्या टाक्यापाशी, एकाच जागी. नर्स म्हणाली, "असंच असतं ताई, आता थोडंच राहिलं." मशीनवर बाळाचे ठोके अगदी व्यवस्थित. मीही दोन कळा दात आवळून काढल्या.

तिसऱ्या कळेला मी ओरडले — "मला आत घ्या. आत्ता. कापा."

योगेंद्र म्हणाला, "चारू, एवढं केलंस..."

डॉ. दिपमालांनी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोटावर एका जागी बोट दाबलं. मी किंचाळले. "घ्या आत," एवढंच म्हणाल्या.

तीन बावीसला रडली.

आता दरबार भरलाय. सासूबाई डिंकाचे लाडू घेऊन हजर — "सांगेल व्हतं ना?" दोघींना आलटूनपालटून सांगतात, मला आणि बाळाला. गुरुजींना फोन करून वेळ कळवली. तीन बावीससुद्धा अतिशय उत्तम योग निघाला! त्याच गुरुजींकडून.

सगळे बरोबर ठरले, मी चुकले. सात सेंटिमीटरवर पळाले. ठोके चांगले होते तरी. इतक्या लोकांशी भांडून शेवटी त्यांच्याच टेबलावर जाऊन झोपले. भित्री. योगेंद्र तसं म्हणत नाही. तो नुसतं पाणी देतो.

३० जानेवारी

डॉ. दिपमाला टाके बघायला आल्या. सगळ्यांना बाहेर काढलं. म्हणाल्या, "तुम्ही सावरेपर्यंत चार दिवस मुद्दाम बोलले नाही. पोट उघडलं तेव्हा जुन्या टाक्याची जागा सुटलेली होती. नुसता पापुद्रा उरला होता, कांद्याचा असतो तसा. त्यातून बाळाचे केस दिसत होते मला." पट्टी परत चिकटवली. "मशीननं काही सांगितलं नव्हतं, चारुलता. तुम्ही सांगितलंत."

त्या गेल्यावर हिला जवळ घेतलं. खूप केस आहेत हिला. काळेभोर.