नाक दाबलेली भिंत

३ ऑक्टोबर
आलो एकदाचे! गावचा जुना पब आता आमचं घर. गवताचं जाड छप्पर खिडक्यांवर भुवयांसारखं उतरलंय. ओकच्या वाकड्या खांबांमध्ये माती, शेण नि गाईचे केस कालवून लिंपलेल्या कुडाच्या भिंती. गॉडफ्रीने, माझ्या नवऱ्याने, शिरताशिरताच तुळईवर कपाळ आपटलं आणि हसत सुटला. त्याच्या दम्याला इथली हवा मानवेल, म्हणून तर आलो.

५ ऑक्टोबर
घर देखणं, पण शिसारी येते. चारशे वर्षं सांडलेली बिअर, थुंकी, घाम, सगळं भिंतींनी पिऊन ठेवलंय. हात लावला की चिकटतो. शेजारच्या ईनिड लव्हरिज इथेच पिऊन म्हाताऱ्या झाल्या. त्या सांगत होत्या, घरी जाताना प्रत्येक जण शेवटचा घोट भिंतीवर ओतायचा, तशी रीतच होती. गॉडफ्रीने आणलेला प्लास्टिकचा रंग पाहून त्यांनी बजावलं, चुन्याशिवाय काही लावू नका, या भिंतींना श्वास लागतो. वर टोमणा, "नाक दाबलं की तोंड उघडतं, पोरी. शहरात एवढंही शिकवत नाहीत?"

९ ऑक्टोबर
रंग झाला. पांढराशुभ्र. वास गेला. सुटले!

१४ ऑक्टोबर
आमच्या पलंगामागच्या रंगाला फोड आलेत. एक फोडला, तर कोमट, फेसाळ पाणी ओघळलं. आंबलेली बिअर. फडकं जाळलं, तरी बोटांना घाण येते. गॉडफ्रीला धाप लागतेय.

१७ ऑक्टोबर
फोडांतून केस आलेत. उपटले. मुळाशी पांढरा गर. ओकले. मग गॉडफ्री खोकला आणि त्याच्या घशातूनही तसाच —

१९ ऑक्टोबर
भिंत फुगते, बसते. ती श्वास घेते तेव्हा त्याला मिळत नाही. ईनिडबाई धावत आल्या, म्हणाल्या, खरवड सगळं.

२० ऑक्टोबर
खरवडलं. खाली ओलं, मऊ, हिरड्यांसारखं. गॉडफ्री पलंगावर निळा पडतोय, अँब्युलन्स अजून वाटेत. भिंतीवर बिअर ओतली. चाटल्याचा आवाज आला. मग उशीमागे भिंतीचं तोंड उघडलं. हातभर.

बिअर नकोय तिला. त्याचे केस आत गेलेत, ओढले तरी सुटत नाहीत. कात्री शोधतेय — कुठे ठेवली — तिकडे घोट घेतल्याचा आवाज. पुन्हा. आणि आता शेवटचा —