जोडीनं बदललेलं टायर

पोशीर, ४ ऑगस्ट २०२४

ती. रा. नागूमामांस,
नम्रताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले तर साऱ्या आळीला कळेल, म्हणून शेजारच्या सदूच्या टेंपोतून हे पत्र पाठवते आहे. लावणी आटोपली. समिधा दुसरीत गेली आणि हट्टीपणात तुमच्यावर गेली.

मळणीयंत्रात पाय गेल्यापासून हे मागे दोन चाकं बसवलेल्या मोटारसायकलीवरूनच नेरळच्या दवाखान्यात कामाला जातात, जाता जाता समिधाला शाळेत सोडतात. वैशाखात तुमची चिठ्ठी आली की मागची टायरं झिजलीत, जोडीनं बदला. त्याप्रमाणे आम्ही जोडीनं गेलो. मी नवी साडी नेसले, दुकानाच्या दारात दोघांनी हात लावून नारळ फोडला आणि उजवीकडचं, जे सारखं पंक्चर व्हायचं, ते नवं घातलं.

तेव्हापासून गाडी डावीकडे जाते. ओढ्याच्या मोरीवर तर फारच, आणि तिथला कठडा वाहून गेलेला आहे. दोनदा चाक अगदी कडेला गेलं. दुसऱ्यांदा समिधा मागे बसली होती. तिथे पूर्वी माणूस बुडाला होता म्हणून सासूबाई म्हणतात, "जागा ओढते गं, तिला उपाशी नाय ठेवायची." त्या दर अमावास्येला उतारा ठेवून येतात.

मामा, मला जागेची भीती वाटत नाही. मला ह्यांच्या हाताची भीती वाटते. कित्येक दिवस हे जेवताना बोलत नाहीत. विचारलं तर म्हणतात, गाडी ओढते. गाडी ओढते की हेच हँडल सोडून देतात, हे मला कसं कळणार? समिधाला पाठवणार नाही असं मी म्हणाले तर तोंडावर सांगितल्यासारखंच होईल. दोघं निघाली की शाळेतून फोन येईपर्यंत मी ओट्याशी नुसती उभी असते.

भाचीवरची माया पातळ होऊ देऊ नये.
तुमची नम्रता

खालापूर, ७ ऑगस्ट २०२४

चि. सौ. नम्रतास अनेक आशीर्वाद.

बाई, टायरला लग्नाचं जोडपं लागत नाही. जोडीनं म्हणजे दोन्ही टायरं एकदम. चाळीस वर्षं टायरच्या दुकानात काढली, पण नारळ फोडून एकच टायर घालणारी तुम्हीच पहिली.

आता मापं घे. दोन्ही मागच्या चाकांवर खडूची खूण कर, गाडी एक फेरा ढकल आणि जमिनीवर किती अंतर पडलं ते बघ. एक चाक कमी चाललं तर गाडी त्याच बाजूला वळणार. मग पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या दोन्ही चाकांच्या मध्यापर्यंत सुतळी धर. दोन्हीकडे सारखी भरली पाहिजे. नवी टायरं सपाट तोंडाची, रिक्षाची घ्या. मोटारसायकलचं गोल टायर कलणाऱ्या गाडीचं, तुमची गाडी कलत नाही.

देवेशच्या हाताचं लिहिलंस ते मी दोनदा वाचलं आणि मलाही धास्ती वाटली. मापं सारखी निघाली तर लगेच कळव, मी येतो. तोवर समिधाला सदूच्या टेंपोतून पाठव. तिला टेंपोची हौस आहे असं सांग.

पत्राला उशीर करू नकोस, म्हाताऱ्याची झोप तुझ्या हाती आहे.
नागूमामा

पोशीर, ११ ऑगस्ट २०२४

ती. रा. मामांस,
सा. न. वि. वि.

डावं चाक एका फेऱ्याला दोन बोटं कमी चालतं. सुतळी दोन्हीकडे सारखी भरली. दोष टायरचाच. मी अंगणातच बसले आणि रडले. हे म्हणाले, माप चुकलं तर रडायचं, सापडल्यावर काय रडतेस. किती दिवसांनी ह्यांनी माझी चेष्टा केली.

मापं वाचायला ह्यांनी तुमचं पत्र मागितलं, तेव्हा मी खालचा भाग दुमडून धरला होता. नवऱ्याबद्दल असं मनात आणलं याची मला लाज वाटते. माझं ते आधीचं पत्र फाडून टाका. उद्या दोन्ही टायरं नवी घालतो आहोत.

या वेडीवर रागावू नये.
तुमची नम्रता

पोशीर, २२ ऑगस्ट २०२४

ती. रा. नागूमामांस,
देवेशचा सा. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही. मापं घेतली त्या दिवशी नम्रता चहा ठेवायला आत गेली तेव्हा दुमडलेला कागद मी उलगडला. तिच्यावर रागावलो नाही.

टायरचं तुमचं खरं. गाडी आता मोरीवरून सरळ जाते. आई म्हणते उतारा लागू पडला. नम्रता पुन्हा शेजारणींत बसायला लागली आहे, ते बघून मी गप्प राहिलो.

पण मामा, पहिल्यांदा गाडी ओढली तेव्हा मी घाबरून हँडल वळवलं. दुसऱ्यांदा ओढली तेव्हा वळवलं नाही. पाणी जवळ येत होतं आणि मला बरं वाटत होतं. समिधाने मागून शर्ट धरला आणि विचारलं, "बाबा, आपण कुठं चाललो?" तेव्हा हात हलला.

आता गाडी ओढत नाही. यापुढे जे होईल ते माझ्याच हातानं होईल, याची मला फार भीती वाटते. दवाखान्यात रोज दुसऱ्यांचे केसपेपर लिहितो. काल माझ्या नावाचा लिहिला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

रविवारी या. नम्रताला हे मीच सांगायला हवं, आणि तुम्ही शेजारी बसलात तर सांगता येईल. तोवर गाडीची किल्ली मी आईकडे दिली आहे. तिनं ती कमरेला खोचली आणि माझ्याजवळ बसून राहिली.

लोभ आहेच, या वेळी थोडा जास्त करावा.
आपला देवेश