गार्डाचे बारा सेकंद

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, त्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीतूनच). तब्येत कशी आहे? "ठणठणीत" हेच उत्तर येणार हे ठाऊक आहे, तरी रीत म्हणून विचारते. कानाचं यंत्र कानात असतं की अजून कपाटातच?

पत्रास कारण तुमची नात. ती स्पर्धा परीक्षेला बसतेय आणि मी तिला गाड्यांची गणितं शिकवायला घेतली (कोणी सांगितलं नव्हतं, माझा स्वभाव तुम्ही जाणताच). एकशे ऐंशी मीटरची गाडी, एकशे वीस मीटरचा पूल, ताशी वेग चौपन्न किलोमीटर. मी झोकात सेकंदाला पंधरा मीटर काढले, पुलाला पंधराने भागलं आणि जाहीर केलं, आठ सेकंद! कन्यारत्न म्हणालं, "आई, आणि गाडीची लांबी काय खुंटीला टांगलीस?" रेल्वेतल्या गार्डाची भाची मी! मान खाली गेली.

कारण हेच गणित तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर काडेपेट्यांची गाडी मांडून शिकवलं होतं. पूल म्हणजे फूटपट्टी. शेवटच्या पेटीवर तुमच्या ड्यूटीच्या कोटाचं तुटलेलं बटण ठेवायचात, म्हणजे तो गार्ड. पहिली पेटी पट्टीबाहेर गेली की मी टाळ्या पिटायची, आणि तुम्ही दुखावल्यासारखे म्हणायचात, "अगं इंजिनबाई, मी अजून पुलावरच आहे. मला मध्येच टाकून कुठे निघालीस?" इंजिन आठ सेकंदांत बाहेर पडतं, गार्डाला आणखी बारा लागतात, हे तेव्हा मला झोपेतही सांगता यायचं. (मामी चुलीपाशी म्हणायच्या, राहू देत त्यांना पुलावर, मला ओटा मोकळा करून हवाय.) त्या ओट्याची आणि मामींच्या त्या चिडण्याची फार आठवण येते हो.

तुमच्या शिकवणीत खोट एकच होती. "इतका वेळ न थांबता कुठली गाडी धावते?" असं म्हणून तुम्ही प्रत्येक गणितात इंजिनात पाणी भरायची दहा मिनिटं घालायचात. पुढे नोकरीच्या परीक्षेत मीही ती इमानेइतबारे घातली. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या कधी भेटतील, याखाली तर "सिग्नल मिळाल्यास" असंही लिहून आले. दोनदा नापास झाले. मला त्याचं फारसं वाटलं नाही, पण तुम्ही तीन दिवस कोणाशी बोलला नाहीत, त्याचं फार वाटलं. तिसऱ्यांदा पाणी न भरता गाड्या सोडल्या आणि नोकरी लागली, हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

मोठ्यांना नमस्कार लिहिणार होते, पण आता घरात मोठे तुम्हीच उरलात. तेव्हा तोही तुम्हालाच.

तुमची,
इंजिनबाई

ता. क. नातीची परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. तिला शिकवायला तुम्ही येऊन राहायलाच हवं, नाहीतर पोरीचं वर्ष वाया जाईल. खिडकीजवळची खाट रिकामी केलीय.

ता. क. दुसरा. नातीने पत्र वाचलं. म्हणते, थापा मारू नकोस. तिची परीक्षा गेल्याच महिन्यात झाली आणि पेपर उत्तम गेला. (आईची चूक काढणाऱ्या पोरीला शिकवणी कशाला, हे तुम्ही केव्हाच ताडलं असेल.) मग खरंच लिहिते. मामी गेल्यापासून इकडे राहायला या म्हटलं की तुम्ही फोनवर दर वेळी "बघू" म्हणता. आम्ही सगळे आपापल्या घरी पोहोचलो आणि टाळ्या पिटत बसलो. तुम्ही अजून पुलावरच आहात.

ता. क. तिसरा. ते बटण हरवलं नव्हतं. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मीच फ्रॉकच्या खिशात घालून आणलं होतं, आणि तुम्ही दोघं ओट्याखाली वाकून शोधत होतात तरी बोलले नाही. कोट घेऊन या. लावून देते.