कुणासाठी उतरवायचं?

४ मार्च

पोचलो एकदाचे. सामानवाल्यांनी कपाट जिन्यात अडकवलं, कपाटामागे मी अडकले, आणि लेक वरच्या पायरीवर बसून दोघांची मजा बघत होती. घर मात्र छान मिळालंय. दोन खोल्या, तिसरा मजला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. लिफ्ट नाही. नवरा फोनवर म्हणाला, बरंच झालं, आपोआप व्यायाम होईल. त्याची बदली व्हायला अजून अवकाश आहे, तोवर मी आणि काडी. काडी म्हणजे आमची लेक. अकरा वर्षांची, कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही, म्हणून बापाने ठेवलेलं नाव. मी मात्र खात्यापित्या घरची दिसते. सोमवारपासून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची नोकरी. मालक भला माणूस आहे. माझ्यासाठी जरा भक्कम खुर्ची मागवतो म्हणाला. मी हसून घेतलं.

९ मार्च

काडीचा शाळेचा पहिला दिवस. निघताना तिने फार नरमाईने सांगितलं की आई, तू फाटकापर्यंत येऊ नकोस, कोपऱ्यावरच थांब, उगाच ऊन लागेल. ऊन नव्हतं. मी कोपऱ्यावर थांबले. समोरच्या औषधाच्या दुकानाच्या काचेत एक बाई पिशवी पोटाशी धरून उभी होती. ती मीच हे कळायला क्षणभर लागला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीवर राग नाही. तिने खोटं बोलून माझी लाज राखली, तेच जास्त लागलं.

१३ मार्च

एका गिऱ्हाइणीने वजन उतरवायच्या वर्गाचा पत्ता दिला. फर्निचरच्या दुकानावर लांबट खोली, एका भिंतीला आरसा, सकाळी फक्त बायका. चालवणाऱ्या बाईंना सगळ्या ताई म्हणतात. ताई किडकिडीत, आवाज हळू. कोपऱ्यात दांडीचा जुना वजनकाटा आहे, त्याच्यावर उभं केलं आणि सगळ्यात आधी विचारलं, कुणासाठी उतरवायचं? माझ्या डोळ्यांसमोर तो कोपरा आला. म्हटलं, मुलीसाठी. त्यांनी पुन्हा विचारलं, मुलीसाठीच ना? मी हो म्हणाले. शेजारी दोरीच्या उड्या मारणारी एक धिटुकली म्हणाली की तिने सासूसाठी सांगितलंय. सगळ्या खिदळल्या. ताई हसल्या नाहीत.

२ एप्रिल

उतरतंय! उठाबशा काढताना गुडघे कुरकुरतात, घरी येईपर्यंत कपडे पिळून काढावे लागतात, पण ब्लाउजला आतून टिपा घालाव्या लागल्या. ताई म्हणतात, डाएट-बिएट काही नको, फक्त सवय लागू दे. लागली आहे. घड्याळाचा गजर व्हायच्या आधी पाय जमिनीवर असतात. मालकाने भक्कम खुर्ची परत पाठवली.

काडीच्या अंगीही आता खाल्लेलं लागायला लागलं. गाल भरलेत. मी आणि नवरा फोनवर खूश. नवीन गावचं पाणी मानवलं म्हणायचं.

२६ एप्रिल

काडीचा गणवेश पुन्हा उसवला. महिन्यात दुसरा. खाते तेवढंच, मी बघते ना. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक, वाढीचं वय आहे म्हणाले. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबते. माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करते. मी सरसर वर जाते आणि दार उघडून वाट बघते. मला धाप लागत नाही याचा आनंद होतो, आणि त्या आनंदाची लाज वाटते.

८ मे

हे लिहायला नको होतं, पण लिहिते. काडी आज दुकानात आली, तिला लांबचं धूसर दिसतं. अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं. तेवढ्यात एक जुनी गिऱ्हाईण आली, माझी कंबर बघून तोंडभर कौतुक केलं, मग तिने विचारलं की ही मुलगी कोण. मी म्हणाले, शेजारची.

काडी तक्ता वाचत होती. वाचायची थांबली, मग पुढची ओळ वाचू लागली.  

तिला काडी म्हणवत नाही आता.

१५ मे

धिटुकली आज आली नाही. तिची सासू अंथरुणातून उठेना, दोघांनी मिळून कूस वळवावी लागते, म्हणून. पूर्वी म्हणे काटकुळी होती. म्हातारी काही खात नाही तरी फुगतेय.

मी दोरी खाली ठेवली. ताईंना बाजूला घेतलं.

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, मी स्पष्ट विचारलं होतं, कुणासाठी. दोनदा विचारलं. उतरवलेलं कुठेतरी ठेवावं लागतं, ते हवेत राहत नाही. तुम्ही लेक सांगितलीत.

मी म्हणाले, मला वाटलं कुणाखातर विचारताय. सगळ्यांना तेच वाटतं, त्या म्हणाल्या.

मग उपाय सांगितला. सोपा आहे. काट्यावर उभं राहायचं आणि म्हणायचं, माझ्यासाठी. सगळं एकदम परत येईल.

१६ मे

काट्यावर उभी राहिले. ताईंनी विचारलं. मी म्हणाले, उद्या सांगते.

१७ मे

उद्या.

२१ मे

न जाऊन बघितलं. पाय आपले आपण निघतात. चपला हातात घेऊन जिन्यात भानावर आले. भरमसाट खाऊनही बघितलं, ब्रेड, केळी, केक, मळमळेपर्यंत. सकाळी मी तशीच, तिच्या पायांवर सूज. माझं खाल्लेलंसुद्धा तिच्याच अंगी—

ती विचारत होती, आई, मला काय झालंय. मी म्हणाले, काही नाही, वाढीचं वय.

२४ मे

मैदानावर खेळायला जात नाही. मुलं चिडवतात. जेवत नाही. न जेवताही— झोपेत श्वास अडकतो, मी उठवून बसवते. तिचा हात माझ्या हातात मावत नाही. पहाटे ठरवलं, आज म्हणायचंच. देवाशप्पथ. काट्यावर उभी राहिले. समोर आरसा आहे. त्यात मानेखालची हाडं दिसत होती, माझी, लग्नातसुद्धा दिसली नव्हती ती—

एकच शब्द होता. आई म्हणवते स्वतःला.

२७ मे

डॉक्टर म्हणतात हृदयावर ताण. अकरा वर्षांच्या पोरीच्या. नवरा परवा येतोय. त्याच्या आधी म्हणेन. म्हणायला हवं. त्याने तिला बघितलं तर—

आम्हा दोघींना बघून तो आधी माझ्याकडे बघेल, असंही मनात आलं. आलं मनात.

२८ मे

उठले तर ती अंथरुणात नाही.

उशीवर चिठ्ठी— नाही, काही सांगून नाही गेली. चपला नाहीत. मी खिडकीतून मैदान बघत होते तोच फोन वाजला. ताई. म्हणाल्या, तुमची लेक इथे आलीय, एकटीच, भिंतीला धरून धरून आली. काट्यावर उभी आहे. मी विचारलं, कुणासाठी उतरवायचं. आईसाठी म्हणाली. आईला माझी लाज वाटते ना, म्हणून.

अंगठी बोटात रुतायला लागली होती. ताईंचं बोलणं संपायच्या आतच. कमरेची नाडी—

ताई म्हणाल्या, घेणारी तुम्ही, आणि या काट्यावर उभ्या राहिलेल्या, म्हणून तुम्हाला विचारायला हवं. नको असेल तर आत्ताच सांगा, तिचं तिच्यापाशीच राहील.

मी नको म्हणाले.

विचार न करता. तोंडातून आधी तेच आलं. लगेच पुढे म्हणणार होते, नाही, नाही, द्या, सगळं द्या मला— पण पलीकडे ताई नव्हत्याच. फोन तिच्या हातात होता. ती म्हणाली, बरं आई. आणि ठेवला.

अंगठी सैल झालीय. फोन लावते, उचलत नाहीत. धावत जायला हवं, मी आता किती धावू शकते, पण पाय— आज पायच निघत नाहीत.

जिन्यावर कुणीतरी आहे. एक पायरी, मग श्वास. एक पायरी. दुसऱ्या मजल्यावर थांबली. मी खाली जाऊन हात द्यायला हवा. तोंड कसं— तिला काय सांगू, मी चुकून, मला म्हणायचं होतं की

पुन्हा चढतेय. दाराशी आली. बेल वाजवत नाही, नुसती उभी आहे, धाप ऐकू येतेय. उठते. उघडते. आधी सांगते तिला की मी